हरवलेला पाऊण तास

माझ्या पिशवीबद्दल एस.टी.च्या कंडक्टरांनी जेवढे तर्क लढवले, तेवढे माझ्याबद्दल आयुष्यात कुणी लढवले नसतील. पिशवीत रुपेरी पाकिटं, पाकिटांत हिरवे बोर्ड आणि बोर्डांवर काळे चौकोन. माणगावच्या स्टँडवर एकाने विचारलं, "मोबाइल रिपेरिंगचं सामान का, बाई?" म्हसळ्याच्या गाडीत दुसऱ्याने पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं. "ते नवे मीटर म्हणतात ते हेच काय? आमच्या आळीत येऊ नका हां." मी म्हणायची, "नाही हो, एफपीजीए बोर्ड आहेत." यावर दोघेही "बरं" म्हणाले आणि पुढच्या सीटकडे वळले.

नोकरीचा मोठा काळ मी तळोज्याच्या एका कारखान्यात दुसऱ्यांनी बनवलेले बोर्ड तपासण्यात घालवला. चुका शोधणं हेच काम, त्यामुळे स्वभावही थोडा तसाच झाला असं घरचे म्हणतात. निवृत्तीनंतर जिल्हाभर फिरून नवख्यांच्या कार्यशाळा घ्यायला लागले आणि खरं सांगायचं तर माझं आयुष्य तिथे सुरू झालं.

हे एफपीजीए काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर वाचक पान उलटतील. आपला नेहमीचा कॉम्प्युटर हा आज्ञाधारक नोकर. त्याला कामं सांगायची. तो एक झालं की दुसरं करणार. एफपीजीएची चिप अशी नोकरी करत नाही. ती येते तेव्हा कोरी असते. आत बारीक बारीक खाचरं आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या तारा, पण कशाचा कशाशी संबंध नाही. कोणती तार कुठे जोडायची ते आपण लिहायचं आणि लॅपटॉपमधून आत पाठवायचं. मग त्या चिपचं तुम्ही सांगाल ते यंत्र होतं, घड्याळ म्हणा, कुलूप म्हणा, सिग्नल म्हणा. मी आमच्या लोकांना मिठागराचं उदाहरण द्यायची. वाफे तयार आहेत, पाट तयार आहेत, कोणत्या पाटाचं तोंड उघडायचं ते तुम्ही ठरवा. एकदा पाणी सोडलं की ते सगळ्या पाटांतून एकाच वेळी धावतं, कुणी कुणाची वाट पाहत नाही.

हे 'एकाच वेळी' लोकांच्या गळी उतरवताना माझी वाट लागायची. माणगावला एक कॉम्प्युटर क्लासवाले सर आले होते. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे बसणं थोडं रेलून. त्यांनी दहा ओळी लिहिल्या आणि तक्रार घेऊन आले. "मॅडम, बोर्ड डिफेक्टिव्ह आहे. माझी खालची ओळ वरच्या ओळीबरोबरच चालते."

"बरोबरच चालणार. तिने का थांबायचं?"

"वर लिहिलंय ना आधी!"

"सर, घराच्या नकाशात स्वयंपाकघर वर काढलं म्हणून ते आधी बांधून होतं का?"

ते रुसले. पण दुपारी बोर्डासमोर बसून त्यांनी आठही दिवे स्वतंत्र तालावर एकदम लुकलुकवले. मग बराच वेळ ते नुसते बघत बसले होते. मीही मागे उभी राहून बघत होते. अशा वेळी मला कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही.

अलिबागला एक बंगलेवाले गृहस्थ भेटले, शनिवार-रविवारचे अलिबागकर. बागेतले दिवे बोर्डावर चालवायचे म्हणून हौसेने शिकले, जोडलेही. पुढच्या आठवड्यात फोनवर भडकलेले. "लाइट गेली आणि तुमचा बोर्ड सगळं विसरला!" हे मी पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं. या चिपची वीज गेली की जोडलेल्या तारा सुटतात आणि ती पुन्हा कोरी होते. लक्षात राहावं असं वाटत असेल तर शेजारच्या छोट्या चिपमध्ये ते लिहून ठेवावं लागतं. ती पायरी त्यांनी गाळली होती. मला मात्र या विसरण्याचा कधी राग आला नाही. संध्याकाळी हॉल बंद करताना मी एकेका बोर्डाची वायर काढायची आणि दिवसभराची घड्याळं, सिग्नल, कुलपं एकेक करून नाहीशी व्हायची. उद्या पुन्हा काहीही होता येईल असे ते बोर्ड पाकिटात जाऊन झोपायचे. मला हेवा वाटायचा त्यांचा.

पण लिहायचं आहे ते दिघीबद्दल.

दिघीला धक्क्याच्या वरच्या बाजूला एका शिक्षण संस्थेचा हॉल आहे. खिडकीतून खाडी दिसते, पलीकडे आगरदांडा, आणि मधून ये-जा करणारी फेरीबोट. गाड्या पोटात घेऊन ती इतकी सावकाश जाते की तिच्याकडे बघता बघता मी शिकवत असलेलं वाक्य अर्ध्यात विसरायची. माझे गुडघे तोवर बोलायला लागले होते. संस्थेला मी सांगून टाकलं की ही माझी शेवटची कार्यशाळा, आता इथेच कायमचं कुणीतरी शिकवणारं नेमा. पनवेलचा एक इंजिनियर मुलगा यायला तयार होता. त्याचा अर्जही आला होता.

त्या वर्गात प्रतिभा जाधव होती. तिशीची असेल. आय.टी.आय. झालेली, खाडीच्या वरच्या अंगाच्या भातशेतीच्या गावातून रोज यायची. नवरा जहाजावर, वर्षातला बहुतेक काळ घराबाहेर. पाच वर्षांची आर्या, आणि तिला सांभाळायला प्रतिभाची आई. प्रतिभाचा हात सुरेख होता. तार कुठून कुठे गेली हे ती कागद न बघता सांगायची, आणि शेजारणीचा दिवा लागला नाही तर आपलं काम ठेवून आधी तिच्याकडे वळायची.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या त्या तळोज्याला खोली कितपत मिळते?"

"कशाला?"

"कंपनीत लागलंय माझं. सोमवारी हजर व्हायचंय. शिफ्टची ड्युटी हाय, रोजचं येनं-जानं जमायचं न्हाय. आर्या हितंच राहील आईपाशी." भाकरीचा तुकडा तिने कालवणात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "तिचा बाप पन लांब, आता मी पन. पोर काल इचारत होती, तू पन बोटीवर चाललीस काय."

मी तिला विचारलं, इथे शिकवशील का? ती हसली. "मला कोन ठेवतंय? पनवेलवाला येतोय ना." तरीही त्या संध्याकाळी मी संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांना फोन केला. निवृत्त मुख्याध्यापक, कडक माणूस. ते म्हणाले, "शेवटच्या दिवशी मी येतो. सगळ्यांची कामं बघतो. मग बोलू." मी दुसऱ्या दुपारी प्रतिभाला तसंच सांगितलं. तिने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि बोर्डाकडे वळली.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी करून दाखवायचं होतं. प्रतिभाने भरतीचं यंत्र करायला घेतलं. तिच्या वडलांकडे गावाच्या खारबंदिस्तीची दारं सांभाळायचं काम आहे. खाडीचं पाणी चढायच्या आत बांधाची दारं बंद झाली नाहीत तर खारं पाणी भातात शिरतं. तिचे वडील भरतीची वेळ काढतात ती आपल्याकडे सगळे जुने लोक काढतात तशीच, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. बोर्डावरच्या स्विचांनी तिथी द्यायची आणि आकड्यांच्या दिव्यांवर भरतीची वेळ यायची, एवढंच तिचं यंत्र. मला ऐकूनच इतका आनंद झाला की मी तो लपवायला खिडकीकडे गेले.

पाऊणपट ती घरी जशी करायची तशीच तिने चिपमध्ये मांडली. निम्मे काढायचे, पाव काढायचा आणि दोन्हींची बेरीज. चिपमध्ये निम्मे करणं फार सोपं असतं. आकडा ओळीने बसलेल्या तारांवर असतो, प्रत्येक तारेची किंमत खालचीच्या दुप्पट. सगळ्या तारा एक घर खाली सरकवल्या की झाला निम्मा. दोन घरं सरकवल्या की पाव. तिने चतुर्थी देऊन पाहिली, तीन आले. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. वर्गाने टाळ्या वाजवल्या. रोह्याहून आलेले सावंतकाका, आमच्यातले सगळ्यात वयस्कर शिकाऊ, म्हणाले, "पोरी, मला एक करून दे. कॅलेंडर बघून डोळे गेले."

सेक्रेटरी साहेब दुपारी आले, फेरीबोटीतून उतरून थेट. एकेका टेबलाशी थांबत, मान हलवत प्रतिभाकडे पोचले. तिने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आज पंचमी. लाव बघू."

तिने स्विच सरकवले. दिव्यांवर तीन उमटले.

साहेबांनी चष्मा वर केला. "पाच पाऊणे किती?"

पाऊणकीचा पाढा आता कुणाच्या तोंडी असतो! त्यांनी स्वतःच म्हटलं, "पाच पाऊणे पावणेचार. बाई, तुझं यंत्र पाऊण तास खातंय."

प्रतिभाने स्विच पुन्हा तपासले. माझ्या लक्षात चूक आली होती. आयुष्यभर तेच काम केलेलं. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा, काय चुकलं?"

मी सांगितलं असतं तर चूक दोन मिनिटांत सुटली असती आणि ती सोमवारी तळोज्याला गेली असती. हे मला तेव्हा अगदी लख्ख कळलं. मी म्हटलं, "तीच सांगेल."

"मला पुढची बोट गाठायची आहे."

"मग तिच्या पुढची गाठा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. मुख्याध्यापकांशी असं कुणी बोललं नसावं. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

प्रतिभाने तृतीया लावली. एक आला. सव्वादोन यायला हवे होते. परत चतुर्थी, तीन. पंचमी, पुन्हा तीनच. "चवथ बरोबर, आठम बरोबर, बारस बरोबर," ती स्वतःशीच बोलत होती, "मधल्याच चुकतात. आमी घरी ह्याच तीन ध्यानात ठेवतो, म्हनून ह्याच तपासल्या मी." मग खडू घेऊन फळ्याशी गेली. वर्ग तिच्यामागे सरकला, खुर्च्यांचे आवाज झाले, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे कुणीच बघत नाहीये.

"हे बघा," ती फळ्याकडे तोंड करून म्हणाली, मग वळून सगळ्यांकडे बघत म्हणाली. "पाचाचे निम्मे अडीच. पन तारा खाली सरकवल्या की शेवटच्या तारेला घरच ऱ्हात न्हाय. ती मी तशीच सोडून दिली. म्हंजे अडीचातला अर्धा गेला, दोनच ऱ्हायले. पाचाचा पाव सव्वा. त्यातला पाव पन तसाच गेला. अर्धा आनि पाव, झाला की पाऊन तास!"

"मग आता?" सावंतकाकांनी विचारलं.

"आधी तिप्पट करायची. मग दोन घरं सरकवायची. आनि ज्या दोन तारा खाली पडतात त्या फेकायच्या न्हाईत." तिने त्या दोन तारा जाड रेघेने काढल्या. "ह्यातली एक पावाची, एक अर्ध्याची, दोन्ही मिळून पाऊन. ह्यांना वेगळे दिवे द्यायचे." मग हळू आवाजात, "बाबा बोलतात, दार लावताना पाव तास पन सोडायचा न्हाय. भात जळतं."

तिने लिहिलं. आता लॅपटॉपने ते नवं यंत्र चिपसाठी जुळवायचं होतं. या कामाला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात करण्यासारखं काहीच नसतं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते. माझ्या सगळ्या कार्यशाळांमधली माझी सगळ्यात आवडती वेळ हीच. लिहून झालेलं असतं, झालेलं काही नसतं. सगळे व्हरांड्यात आले. ऊन पाण्यावर पसरलं होतं. साहेबांची बोट त्यांच्याशिवाय निघाली आणि आगरदांड्याकडे जात जात लहान होत गेली. धक्क्याच्या पायऱ्यांवर पाणी चढत होतं, एक पायरी बुडायची, थोडं मागे यायचं, पुन्हा बुडायची. सेक्रेटरी साहेब कठड्याला हात टेकून उभे होते आणि मुळीच मुख्याध्यापकासारखे दिसत नव्हते. मला वाटलं, हा लॅपटॉप कधी थांबूच नये.

आतून प्रतिभाने हाक मारली. नवं यंत्र चिपमध्ये गेलं होतं. पंचमी. आकड्यांत तीन, आणि बाजूच्या पट्टीत पाऊणचे दोन्ही दिवे. साहेबांनी स्वतः स्विच हलवले. तृतीया, सव्वादोन. द्वितीया, दीड. पौर्णिमा, सव्वाअकरा. ते पाऊणकी म्हणत गेले आणि बोर्ड त्यांच्यामागोमाग म्हणत गेला. मास्तर आणि विद्यार्थी दोघेही खूष होते.

पावणेचारच्या सुमाराला आम्ही पुन्हा बाहेर आलो. पाणी चढायचं थांबलं होतं. अगदी ठोक्याला म्हणणार नाही, समुद्र काही घड्याळाचा बांधील नाही. पण खाडी जागच्या जागी उभी होती. एक सुकलेलं पान धक्क्यापाशी तरंगत होतं, ते ना आत जाईना ना बाहेर. वर्गातल्या सगळ्यांनी हे जन्मापासून पाहिलेलं, तरी त्या दिवशी सगळे नव्याने बघत उभे राहिले.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "पनवेलच्या मुलाला काय कळवू?"

"जागा भरली म्हणून."

"अजून भरलेली नाही. कमिटीपुढे ठेवायला लागेल. तिच्याकडे डिग्री नाही." मग पायात चपला सरकवत, "माझ्या शाळेत चूक झाली की मुलं पाटी छातीशी धरायची. हिने फळ्यावर लिहिली." एवढं बोलून ते बोटीकडे गेले.

कमिटीच्या निरोपाविना शनिवार गेला. रविवारी दिवसभर मी फोनच्या आसपास घुटमळत होते, आणि स्वतःच्या नोकरीच्या वेळीही मी एवढी कासावीस झाले नव्हते. तिने बॅग भरली असेल. आर्या बॅगेवर बसली असेल. दिवेलागणीला फोन वाजला. पलीकडून आधी एका पोरीचा हसण्याचा आवाज आला.

"मॅडम," प्रतिभा म्हणाली, "बॅग खोलली."

मी देव्हाऱ्यापाशी जाऊन बसले आणि रडले. आनंदाने तर होतंच. पण थोडं माझ्यासाठीही होतं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात इतकी वर्षं गेली. 'बॅग खोलली' असं कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. आणि त्या हॉलमधलं माझं काम संपलं होतं. दोन्ही एकदमच वाटत होतं.

परवा श्रीवर्धनला भाचीकडे जाताना वाट वाकडी करून दिघीला उतरले. न कळवता गेले. प्रतिभाचा नवा वर्ग सुरू झालेला. ती फळ्याशी पाठमोरी होती. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. शेजारी बोर्ली पंचतनची एक कॉलेजातली मुलगी होती. तिने माझे पांढरे केस पाहिले, आपला बोर्ड मधोमध सरकवला आणि दबक्या आवाजात समजवायला लागली.

"आजी, जाखडी बघितलीत ना तुम्ही? तसं हाय हे. गोलात सगळे नाचतात. प्रत्येकाचा पाय वेगळा पडतो, पन थांबत कोनीच न्हाय. ढोलकीचा ठेका पडला की सगळ्यांचे पाय एकदम. ही चिप म्हंजे तो गोल. मॅडमनी सांगितलंय."

मॅडमनी. मी इतकी वर्षं शिकवलं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"घाबरू नका," ती म्हणाली, "पहिल्या दिवशी कोनालाच येत न्हाय. हे बटन दाबा."

मी दाबलं. दिवा लागला. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती, मी आजवर सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची तशीच.

"लागला ना?" तिने विचारलं.

"लागला गं," मी म्हटलं. "आता पुढचं सांग."